पोर्थवरनचा फूट

मॉर्वेना नानकिव्हेल एकोणचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात गेली, तेव्हा पोर्थवरन गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं. आणि शिकायला काय निघाली, तर सर्फिंगचं शास्त्र आणि तंत्र!

"लाटेवर उभं राहायची पदवी?" बेकरीत मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, म्हणजे पेस्ट्या, भाजणारी ॲनी म्हणाली. "मग मला पेस्टी खायची पदवी द्या म्हणावं. पहिला वर्ग कुठं गेला नाही माझा."

"दे दोन," वेना म्हणाली. गाव तिला वेनाच म्हणतं. "आणि कडा नीट मुरड, नाहीतर तोंडी परीक्षेत नापास होशील."

असं तिचं होतं. टोमणा मारणाऱ्याच्याच गळ्यात टोमणा घालून ती पुढं जायची. मासळीच्या जुन्या गोदामामागं तिची शेड होती आणि तिथं अठरा वर्षं तिनं फुटलेले सर्फबोर्ड दुरुस्त केले होते. चीर बघून ती सांगायची की हा खडकावर आपटला, हा गाडीच्या टपावरून पडला, आणि हा मालकानं रागाच्या भरात आपटला. वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं तिला पहिल्या आठवड्यात 'आजी' म्हणायला लागली. प्रयोगशाळेत बोर्डाला लावायच्या रेझिनचं प्रमाण चुकून बादली धुमसायला लागली, तेव्हा आजीनंच ती उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "बाळांनो, आता पुस्तक उघडा." त्यानंतर पोरं तिच्या शेजारी बसायला भांडायची. लाटांच्या गणितानं मात्र तिला रडवलं. पण रडतरडत का होईना, ती ते शिकली. हट्टीच ती. बापावर गेलेली.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिच्याकडं असं काही होतं की जे जगात कुणाकडंच नव्हतं. एकवीस वर्षं, रोज सकाळी सात वाजता, तिनं पोर्थवरनची लाट वहीत लिहून ठेवली होती. उंची किती, वारा कुठला, भरती की ओहोटी. ताप असो, पाहुणे असोत, एक दिवस चुकला नाही. या आकड्यांवरून ती दाखवणार होती की कुठल्या लाटा आपल्या खाडीतली वाळू ओढून नेतात आणि कुठल्या परत आणून टाकतात. तिच्या मार्गदर्शक डॉ. ऑर्चर्ड वेनापेक्षा सात वर्षांनी लहान होत्या. वह्यांचं खोकं बघून त्या खुर्चीतून उठल्याच.

मार्चात, प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले असताना, त्याच ऑर्चर्डबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"वेना, खुल्या समुद्रात आपला लाटा मोजणारा तरंगता बोया आहे ना, त्याच्याशी तुमचे आकडे ताडून पाहिले. तुमची लाट जवळजवळ निम्मी येते."

"बोया बिघडलाय तुमचा."

"बोया तीस मैल दूर आहे, त्यामुळं तुमच्या किनाऱ्यावर नेमकी किती लाट फुटते ते तो सांगू शकत नाही, हे खरं. पण एवढा फरक पडत नाही. वादळाच्या दिवशी तुम्ही साडेपाच फूट लिहिलंय."

"साडेपाचच होती."

"त्या दिवशी तुमच्या धक्क्यावरचा दिवा फुटला होता. दिवा किती उंचावर आहे?"

वेनानं मनात खांब मोजला; साडेपाच फुटांची लाट दिव्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आता हे पोर्थवरनच्या माणसालाच कळेल. आपल्याकडं लाट कमी करूनच सांगायची रीत आहे. डोक्यावरून जाणारी लाट आली तरी "तीन फूट असेल, जास्तीत जास्त" म्हणायचं. खरा आकडा सांगतात ते उन्हाळ्यात येणारे पाहुणे, ज्यांना आपण मुंग्या म्हणतो. सहा फुटांना सहा म्हणणारा माणूस बढाईखोर, त्याच्याशी दारूच्या गुत्त्यातसुद्धा कुणी बोलणार नाही. वेना याच हवेत वाढली होती. तिनं एकवीस वर्षं खोटं लिहिलं नव्हतं, तिला लाट तेवढीच दिसत होती!

"मग दुप्पट करून टाका," तिच्यासोबत आलेलं वर्गातलं एक पोरगं म्हणालं.

"कशावरून दुप्पट?" ऑर्चर्डबाई म्हणाल्या. "मोठ्या लाटेला डोळा जास्त कापत असेल तर? हे सिद्ध झालं नाही, तर वह्या बाद. प्रबंधात दुसरं काहीच नाही, वेना. या वर्षी पदवी मिळणार नाही."

वेना घरी आली ती बाह्या सरसावूनच. जीवरक्षकांचा प्रमुख पॅस्को याला हाताशी धरून तिनं एका मोडक्या होडीची डोलकाठी आणली, तिच्यावर फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे मारले, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकात ती ठोकून बसवली. समोर कॅमेरा लावला. रोज सकाळी सातला गावातले वीस जण धक्क्यावर यायचे. काठीकडं पाठ करून नाही, पण काठी दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसून, वाळूवर फुटणारी लाट बघायची आणि चिठ्ठीवर गुपचूप आकडा लिहायचा. ॲनी गरम पेस्ट्या घेऊन यायची. "शास्त्राला भूक लागते," म्हणायची.

आठवड्यात कळलं ते वाईट होतं. चार फुटांपर्यंतच्या लाटेला गाव साधारण निम्मं करत होतं. पण काठीवर दहा दिसले की चिठ्ठ्यांवर चार, आणि बारा दिसले तरी चारच. लाट जेवढी मोठी, तेवढी गावाची मान खाली. याचा अर्थ नुसतं दुप्पट करून भागणार नव्हतं.

"मग तुझा स्वतःचा डोळा तपास ना," पॅस्को म्हणाला. "वह्या तू लिहिल्यास, गावानं नाही."

"माझा डोळा आता काय कामाचा? मला कळलंय ना मी चुकते ते! आता लाट बघितली की मनात दुप्पट-निम्मं सुरू होतं." ती खडकावर बसून राहिली. मग एकदम उभी राहिली. "पण माझ्यासारखाच डोळा असलेला एक माणूस आहे. ज्यानं मला मोजायला शिकवलं."

तो माणूस म्हणजे तिचा बाप, क्लेम नानकिव्हेल. टिनच्या खाणीत पस्तीस वर्षं काढलेला, आणि गावात लांब फळी घेऊन लाटेवर उभं राहिलेल्या पहिल्या पाचांतला एक. शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात बापलेकीची पैज लागली होती, आणि सबंध हिवाळा दोघांनी एकमेकांना न दाखवता लाट लिहिली होती. चार दिवस सोडले तर दोघांचे आकडे तंतोतंत जुळले होते. ती वही होतीच. म्हणजे बापाचा डोळा काठीशी ताडला, की लेकीचा आपोआप ताडला जाणार.

पण म्हातारा यायला तयार होईना.

"येतो की," पहिल्या दिवशी म्हणाला. "येईन, येईन," दुसऱ्या दिवशी. आपल्याकडचं 'येईन' म्हणजे काय ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी चिडलाच. "मला नाही तुझ्या चिठ्ठ्या लिहायच्या. समुद्राला परीक्षेला बसवतायत शहाणे!"

"बाबा, समुद्र नाही, मी बसलेय परीक्षेला. तू आला नाहीस तर तीन वर्षं पाण्यात गेली माझी. सरळ सांगते."

 दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना, हातातली काठी टेकत, टोपी कानावर ओढून क्लेम धक्क्यावर हजर होता. नऊ सकाळी आला. त्यातली एक सकाळ अशी की फेस थेट बेकरीच्या दारात. काठीवर चौदा फूट. बाकी वीस चिठ्ठ्यांवर चार-पाच, आणि क्लेमच्या चिठ्ठीवर सात.

"म्हाताऱ्याला फुशारकी चढली," पॅस्को म्हणाला. सगळे हसले. तसं गाव त्याला पहिल्यापासूनच थोडा बढाईखोर समजायचं.

दुपारी वेनानं शेडमध्ये नऊ टिंबं कागदावर मांडली आणि पट्टी लावली. नवाच्या नवा टिंबांतून एकच सरळ रेघ गेली. चारला दोन, नऊला साडेचार, चौदाला सात. आनंदानं उडी मारायची, तर तिनं पट्टी पुन्हा लावून पाहिली. तीन वर्षं ती मोजणीच शिकली होती. माणसाचा अंदाज इतका सरळ नसतो. अंदाज थरथरतो. इतकं नेमकं निम्मं फक्त त्यालाच करता येतं, ज्याला पूर्ण आकडा ठाऊक असतो.

क्लेम परसात बसून बटाटे सोलत होता.

"बाबा, तुला खरी लाट दिसते."

"दिसते की. आंधळा आहे का मी?"

"मग निम्मी का सांगतोस?"

त्यानं सुरी खाली ठेवली. "म्हटलं नव्हतं, नाही येत म्हणून? तुला पट्टी लावायची सवय लागलीय."

"बाबा!"

"सहा वर्षांची होतीस. एका लाटेनं तुला गुंडाळून वाळूत घासलं. त्यानंतर वर्षभर घोट्याच्या वर पाणी चालेना तुला. बादलीतल्या पाण्यालासुद्धा रडायचीस. तुझी आई म्हणाली, राहू दे, नाही आवड एकेकाला. पण तू रोज धक्क्यावर येऊन बसायचीस गं, समुद्राकडं बघत. मला ते बघवेना. एक दिवस म्हटलं, चल, आज दोनच फुटांची आहे, आपल्या टेबलापेक्षा खाली. होती चार. तू माझा हात धरलास आणि आलीस."

"आणि मग?"

"मग काय! एकदा दोन म्हटल्यावर चार कधी म्हणायचे? तू तेच फूट शिकलीस. गावाचं बरंय, ते कसंही ठोकून देतात. मला मात्र नेमकं निम्मंच ठेवावं लागायचं. एक दिवस इकडंतिकडं झालं असतं तर तू पकडलं असतंस. तेव्हापासूनच वस्ताद तू."

वेनाला राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग आला.

"एकविसाव्या वर्षी मी त्या नोव्हेंबरच्या लाटेवर गेले. सहा म्हणालास तू."

"बारा होती."

"मेले असते ना मी!"

"कशी मरशील? मी काठावर होतो की, पायात पोहायचे पंखे घालून. प्रत्येक वेळी. तू म्हणायचीस, बाबा काय बदकासारखा उभा राहतोस."

वेना खाली त्याच्या पायाशी बसली आणि उरलेले बटाटे तिनं सोलले. 

प्रबंधात तिनं हे सगळं लिहिलं. काठी, नऊ सकाळी, शहाऐंशीची वही, आणि बापाच्या निम्म्याचा एक परिच्छेद असा, जो वाचून ऑर्चर्डबाईंनी चष्मा पुसला आणि एक शब्दही न खोडता परत दिला. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: पहिला वर्ग. ॲनीनं बेकरीच्या काचेवर पीठ कालवून लिहिलं. पण खरी गंमत तोंडी परीक्षेत झाली.

परीक्षक टेमर नदीपलीकडचे, म्हणजे आपल्या मुलखाबाहेरचे होते, किडकिडीत, सारखे पेनचं टोपण काढणारे. त्यांनी तासभर तिला पिळून काढलं. "बापानं लेकीला मारलेली थाप, ही मोजणीची पद्धत म्हणून आम्ही कशी मान्य करायची?"

"थाप कधी बदलली नाही म्हणून," वेना म्हणाली. "तुमचा बोया गेल्या तीन वर्षांत दोनदा बंद पडला. माझा बाप एकदाही नाही."

ऑर्चर्डबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकलं. परीक्षकांनी टोपण लावलं. "आता माझा शेवटचा प्रश्न. याला मार्क नाहीत. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. बेचाळीस वर्षं वय. आता तुम्हाला लाट खरी तेवढी दिसते. काही फरक पडला?"

वेनानं खिडकीबाहेर बघितलं. तिथून समुद्र दिसत नव्हता, नुसतं गाड्या लावायचं आवार दिसत होतं.

"परवा सकाळी बोर्ड घेऊन धक्क्यावरून उतरले," ती म्हणाली. "आठ फूट होती. पूर्वी मी चार म्हणाले असते आणि शीळ घालत गेले असते. परवा मी पाण्याच्या काठावरच थांबले. बाबा वर बसला होता. त्याचे गुडघे आता गेलेत, पोहता येत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. तो ओरडला, 'आठ आहेत गं!' पहिल्यांदाच खरं सांगितलं."

"मग?"

"मग गेले," वेना म्हणाली. "चांगली मिळाली."