चौथ्या फेरीनंतरचे लाडू

डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत मी तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडून परतलो. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर बसणाऱ्या माणसाकडून तेवढंच झालं. मग मी मित्राच्या मदतीला जाऊ लागलो. तो कबनूरजवळचा जैन शेतकरी. पहाटे गोठ्यातलं आवरून सायकल बाहेर काढायचा आणि सरावात चढावर मला मागं टाकताना म्हणायचा, "मास्तर, या निवांत. पुस्तक आणलंय न्हवं?"

मदतनीसाचं काम साधं असतं. फेरी संपवून तो आला की साखळीवरचा चिखल ब्रशनं काढायचा, तेल सोडायचं, बाटली बदलायची, हातात खायला द्यायचं आणि पाठीला हात लावून पुन्हा वाटेला लावायचं. माझ्याकडं याशिवाय आणखी एक काम होतं. सूर्यास्तानंतर तो अन्न घेत नसे. आई गेल्यापासून त्यानं हा नियम एकदाही मोडला नव्हता. शर्यतीपुरती पाण्याची तेवढी मोकळीक ठेवली होती. तो घड्याळ घालत नसे. वेळ बघितली की पाय जड होतात, म्हणायचा. म्हणून त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ मी मनगटावर पेनानं लिहून ठेवत असे, आणि त्याआधी त्याला पोटभर खाऊ घालत असे.

ती शर्यत गगनबावड्याच्या पठारावर होती. पाच फेऱ्या, शेवटची दिवा लावून. चौथ्या फेरीत त्याची साखळी तुटली आणि ती जोडण्यात बराच वेळ गेला. इकडं घाटातून ढग वर आले. उजेड होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. माझ्या मनगटावर सहा सतरा लिहिलेलं होतं. तो आला तेव्हा साडेसहा झाले होते.

सायकलवरून उतरताना त्याचा पाय दांडीला अडकला. रिकामी बाटली त्यानं माझ्यापुढं धरली.

"दिस मावळला का?" त्यानं विचारलं.

मी पिशवीत हात घातला होता. आत त्याच्या बायकोनं दिलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू होते.

"मावळला असंल तर सांग मर्दा. पोटात काय न्हाय, पाचवी हुणार न्हाय. गाडीत सायकल घालू आणि जाऊ घरला. म्हशी तरी खूश हुतील."

तो खरंच हसत होता. शर्यत सोडायला त्याला काहीच वाटलं नसतं.

"पाच मिनिटं हायत अजून," मी म्हणालो. "खा लवकर."

उभ्या उभ्या त्यानं दोन लाडू खाल्ले, चूळ भरली आणि गेला. पाचवी फेरी त्यानं पूर्ण केली.

मला त्याची काळजी होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. काळजी असती तर मी सायकल गाडीत घातली असती. मला स्वतःला कधी न दिसलेली शेवटची रेघ त्या दिवशी बघायची होती.

पुढं तो ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा. "शर्यत बी झाली आणि नियम बी राहिला. ह्या मास्तरानं पाच मिनिटं राखून खायला घातलं." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी चहा प्यायचो.

त्यांच्यात पर्युषण संपलं की क्षमावणी असते. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल त्याची त्या दिवशी क्षमा मागतात. सकाळीच त्याचा फोन यायचा. "मास्तर, काय चुकलं असंल तर क्षमा करा." मी म्हणायचो, "तुझं काय चुकतंय?" मग तो थोडा थांबायचा. तेव्हा मी माझं सांगायला हवं होतं. मी म्हशींची चौकशी करायचो.

गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तो गेला.

यंदा क्षमावणीला त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, ह्यांचा फोन असायचा, म्हणून केला. आमच्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा असावी."

मी तिला सगळं सांगितलं. किती वाजले होते, किती लाडू होते, तेही सांगितलं. पलीकडं गोठ्यात बादली ठेवल्याचा आवाज आला.

"ह्यांना ठावं न्हवतं," ती म्हणाली. "म्हंजे ह्यांना त्याचा दोष न्हाय."

"नाही. त्याला नाही."

"मला बरीक वाईट वाटलं, भावजी."

मी क्षमा मागितली.

"माझ्यापुरतं मी केलं," ती म्हणाली. "पर ह्यांच्या वाटचं मला कसं करता यील? ते तुमी ह्यांनाच सांगायचं हुतं."

धारेची वेळ झाली होती. तिनं फोन ठेवला.