चारच चित्रपट

आमच्या कोथरूडच्या फिल्म क्लबने एकदा कॅनडाचा एक दिग्दर्शक बोलावला होता. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. डिसेंबर होता. श्रोते कानटोप्या घालून बसले होते आणि हा साठीचा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घाम पुसत होता. येताना, स्कूटरवाले थांबतील या विश्वासाने तो पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभा होता. शेवटी मीच हात धरून पलीकडे आणला.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "चाळीस वर्षांत चारच चित्रपट? मधल्या काळात काय करत होते, विचारा जरा."

"नगरपालिकेत होतो. रस्त्यावरचा बर्फ फावड्याने काढायचो," तो माझ्या कानाशी सहज म्हणाला.

मला त्या फावड्याची लाज वाटली, हे आज कबूल करतो. माइक माझ्या हातात होता. मी सांगितलं, "ते चिंतन करत होते." टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी राहवेना, तेव्हा मी त्याला माझं भाषांतर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "रस्ता मोकळा केला नसता, तर माझा चित्रपट बघायला कोण पोचलं असतं?"

तेवढ्यात ते गृहस्थ आले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"अहो, चिंतनाने तळहाताला घट्टे पडत नाहीत. काय म्हणाले होते ते? आता नीट सांगा."

मी नीट सांगितलं. त्यांनी बराच वेळ तो हात सोडला नाही.