आत्या म्हणाल्या, थांब!

रत्ना गाडी शिकायला लागली आणि वस्तीवरच्या बाप्यांची चांगलीच करमणूक झाली. भोरच्या वरच्या अंगाला डोंगरात ही धनगरवस्ती. रत्नाचा नवरा कुंडलिक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायला मोकळा. घरी रत्ना, तिची शेरडं आणि सासू बयाबाई. त्यातली चार शेरडं विकून ह्या बाईनं दाराशी जुनी मोटार आणून उभी केली! "आता ही चालवनार कोन, बोकड का?" एकानं विचारलंसुद्धा. रत्ना म्हणाली, "म्या." आणि खरंच ती भोरला बिलकीसताईंच्या ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली.

हा सगळा खटाटोप सासूसाठी. बयाबाईंना एसटी लागायची. फाट्यावरून बस सुटली की पहिल्याच वळणाला पोटात कालवाकालव. त्यांची धाकटी बहीण बाळाबाई सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ. तिचा पाय मोडल्यापासून तिला घराबाहेर पडता येईना आणि बयाबाईंना बसमध्ये बसवेना. दोघी मोबाईलवर बोलायच्या आणि फोन ठेवताना दोघी रडायच्या. रत्नाला ते बघवेना. "पुढच्या शिटावर बसवून, काच खाली करून, हळूच न्हेते तुमाला," असं ती एकदा बोलून बसली.

"इक चार शेरडं. पन येक डाव बसंन," बयाबाईंनी बजावलं. "वकले, तर पुन्यांदा गाडीचं नाव काढायचं न्हाई."

बयाबाईंचा शब्द म्हणजे काय हे वस्तीला माहीत होतं. चुलीवर काय शिजायचं इथपासून बोकड कधी विकायचा इथपर्यंत सगळं त्या सांगणार आणि रत्ना "व्हय आत्या" म्हणणार. लग्न झाल्यापासून हेच.

पहिल्या दिवशी तर रत्नानं कमालच केली. रस्त्यात म्हैस आडवी आली. पायाखालचा ब्रेक राहिला बाजूला, हिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि जोरात ओरडली, "हो! हो!" नशीब, बिलकीसताईंच्या पायाशी दुसरा ब्रेक होता.

"अगं बैलगाडी आहे का ही? कासरा ओढतेस?" ताई हसून हसून बेजार. मग डोळे पुसून एकदम कडक झाल्या. "हे बघ रत्ना. लेन बदलायची, थांबायचं, काहीही करायचं तर आधी आरशात बघ. मग सिग्नल. मागच्याला कळू दे. मगच गाडी हलव."

रत्नानं ते मनावर घेतलं. शेरडांमागं चालतानासुद्धा ती पुटपुटायची, आरसा, सिग्नल. शेवटी परीक्षा पास झाली, लायसन हातात आलं आणि बाई रस्त्यातच नाचायची बाकी राहिली!

सारोळ्याला निघायचा दिवस उजाडला. बयाबाई नवं लुगडं नेसून पुढं बसल्या. रत्ना पट्टा लावायला गेली तर म्हणाल्या, "बांधून कुठं न्हेतीस मला?" तरी लावला. घाट रत्नानं असा उतरवला की बयाबाईंच्या हातातल्या डब्यातलं दूधसुद्धा हिंदकळलं नाही. मागची मोटारसायकल हॉर्न वाजवून वाजवून थकली. जा बाबा पुढं! भोर गेलं, कापूरहोळ आलं आणि समोर हायवे. रत्नानं स्टिअरिंग घट्ट धरलं, पण जीव कसा हरखून गेला होता! केवढा रस्ता, आणि त्यावर आपण!

डाव्या अंगानं गाडी चांगली चालली होती. तेवढ्यात बयाबाई ओरडल्या, "थांब! रत्ने, थांब म्हन्ते ना!"

रत्नाचा पाय आपोआप ब्रेककडं गेला. एवढ्या वर्षांची सवय ती. पण डोळे आरशात गेले आणि आरसाभर ट्रकचं तोंड.

"न्हाई!" रत्ना म्हणाली.

हे ती बोलली? हो, तीच बोलली. डावा सिग्नल दिला. ब्रेककडं गेलेला पाय मागं घेतला, गाडी हळूहळू पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घेतली आणि मग उभी केली. शेजारून ट्रक असा गेला की अख्खी गाडी थरथरली.

बयाबाई खाली उतरल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाऱ्यात उभ्या राहिल्या. ओकारी नुसतीच येऊन गेली. पण चेहरा लालभडक.

"म्या थांब म्हनलं, आन् तू न्हाई म्हनतीस? मला?"

रत्ना म्हणाली, "आत्या, मागं ट्रक हुता. तितंच थांबले असते तर दोघीबी ऱ्हायलो नसतो."

बयाबाईंनी दूरवर गेलेल्या त्या ट्रककडं पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"बसू का आता?" त्यांनी विचारलं. "का जरा थांबायचं? तू सांग."

ह्या बाईनं कधी कुणाला काही विचारलेलं रत्नानं ऐकलं नव्हतं. "बसा," ती कसंबसं म्हणाली, आणि आरशात बघायला लागली. डोळे पुसून पुन्हा बघावं लागलं.

सारोळ्यात दारातच दोघी बहिणी गळ्यात पडल्या. रडणं झालं, हसणं झालं, दुधाचा चहा झाला. मग बाळाबाईनं हात घट्ट धरून विचारलं, "अक्के, ऱ्हानार न्हवं आज?"

बयाबाईंनी मानेनंच रत्नाकडं दाखवलं.

"मला काय इचारतीस? डायवरला इचार."