तुकिरानच्या हनुवटीतली सोन्याची सुई

क्लातेन गावच्या चौकात चिंचेच्या झाडाखाली तुकिरान केस कापायचा. खोडाला आरसा, आरशापुढं खुर्ची, डोक्यावर आभाळ. "पाक तुकिरान, आता एखादा गाळा घ्या की," असं वडीलधाऱ्याला म्हणावं तसं 'पाक' म्हणत गिऱ्हाइकानं सुचवलं, की तो कात्री थांबवून छाती फुगवायचा. "गाळ्यात वारा असतो का? डोक्याला वारा लागला पाहिजे!"

गिऱ्हाइकाला ते पटायचं. तुकिरानला स्वतःला मात्र एकदाही पटलं नव्हतं. खरं कारण हे, की चार भिंती आणि बंद दार एवढं जमून आलं की त्याचा श्वास घशातच बसकण मारायचा. लिफ्ट दिसली की त्याला जिन्याच्या व्यायामाचं महत्त्व आठवायचं. न्हाणीघराचं दार तो उघडंच ठेवायचा आणि कुणी आत येऊ नये म्हणून मोठ्यानं गायचा. बायकोला, वार्तिनीला, वाटायचं की नवऱ्याला गाण्याचा नाद आहे. आवाज फाटका आहे, पण नाद आहे, काय करणार.

'रोज लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोस,' तो आरशातल्या स्वतःला सांगायचा, 'आणि घाबरतोस कशाला? कडीला! वा रे पठ्ठ्या!'

हे असंच निभलं असतं, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. एक दिवस कात्री हातातून सुटली, दुसऱ्या दिवशी एका मास्तरांची अर्धी भुवई गेली. मास्तर भले, म्हणाले, "राहू दे, पोरं आता तरी माझ्याकडं लक्ष देऊन बघतील." पण न्हाव्याचा हात गेला म्हणजे सगळंच गेलं. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली आणि सांगितलं, "मानेतली नस दबलीय. एमआरआय करून या. आतलं चित्र बघितल्याशिवाय मी काही करणार नाही."

वार्तिनी त्याला मोटरसायकलवरून इस्पितळात घेऊन गेली आणि बाहेर बाकावर बसली. आत विदुरी नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. तिचा आवाज असा, की गाडी चार तास उशिरा आहे असं जरी तिनं स्टेशनवर सांगितलं तरी लोकांनी टाळ्या वाजवाव्यात.

"पाक, अंगात कुठं धातू आहे का? पट्टी, स्क्रू, काही?"

"नाही, नाही."

"छाऽन! आता आडवं व्हायचं हं. हा रबरी फुगा डाव्या हातात धरायचा. काही वाटलं तर दाबायचा. पण काही वाटत नाही हं कुणाला!"

तिनं मान प्लास्टिकच्या पिंजऱ्यात अडकवली. तुकिराननं डोळे वर करून यंत्राचं ते तोंड पाहिलं. बांबूच्या नळीत केळीच्या पानात गुंडाळलेले तांदूळ भरून भाजतात ना, तसे आपण भरले जाणार. वरून विस्तव तेवढा बाकी. त्यानं फुगा दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग दाबतच राहिला.

विदुरी धावत आली. "काय झालं, पाक?"

"काढा! काढा मला! गुदमरतोय!"

"पण पाक," ती गोड आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला अजून आत ढकललंच नाही."

तुकिरान उठून बसला. अंगभर घाम. आता बाहेर जाऊन वार्तिनीला काय सांगायचं? नळकांडं बघूनच तुझा मर्द पळाला, असं? त्याची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. पाटीवर लोहचुंबकाचं चित्र होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मघाशी विचारलंत तेव्हा लाजलो. माझ्यात... सुसुक आहे."

विदुरीचा हात तोंडावर गेला. सुसुक म्हणजे केसाएवढी सोन्याची सुई. मांत्रिक ती चेहऱ्याच्या कातडीखाली घालतो आणि मग म्हणे समोरचं माणूस भाळतं. गाणाऱ्या बायका घालतात, निवडणुकीला उभे राहणारे घालतात. कबूल मात्र कुणी करत नाही.

"कुठंय?" ती कुजबुजली.

तुकिराननं हनुवटीवर बोट ठेवलं. विदुरीनं वाकून हनुवटी पाहिली, मग वरचा सगळा चेहरा पाहिला, आणि अगदी काळजीनं विचारलं, "पाक, उतरली असेल का आता तिची शक्ती?"

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण ती मुलगी कामाला चोख. त्याला चपला सापडेपर्यंत ती बाकापाशी पोचलीसुद्धा. "बू," वार्तिनीला मानानं हाक मारत ती म्हणाली, "पाकच्या चेहऱ्यात सुसुक आहे ना, म्हणून आज होणार नाही. पुढच्या मंगळवारी आधी साधा एक्स-रे काढू हं!"

वार्तिनीनं घर येईपर्यंत गाडी दामटली. दारात मोटरसायकल लावली, किल्ली काढली आणि म्हणाली, "कुणासाठी?"

"काय कुणासाठी?"

"सुई."

हीच वेळ होती खरं सांगायची. तुकिराननं तोंड उघडलं, घाबरटपणाचा कबुलीजबाब जिभेवर आणला, आणि म्हणाला, "ते... तरुणपणीचं आहे गं." स्वतःचंच उत्तर ऐकून त्याला स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. उजव्या हातानं दिली असती तरी लागली नसती, ते वेगळं.

इस्पितळाच्या बाकावरची बातमी चौकात पोचली होती; दुसऱ्या दिवशी चिंचेखाली गिऱ्हाइकं कमी आणि बघे जास्त. बाजूला कॉफीची टपरी चालवणाऱ्या सारिंतेनबाईंनी लांबूनच, थोरल्या भावाला मारावी तशी हाळी दिली, "कांग तुकिरान, मांत्रिकानं सुई उलटी तर नाही ना घातली?"

"का हो?"

"नाही, मी इतकी वर्षं समोर बसतेय, मला काहीच होत नाही!"

एकानं काडीला लावून भाजलेलं मांस, म्हणजे साते, आणून पुढं धरलं. "थेट काडीवरून खाऊन दाखव बरं!" सुसुकवाल्यानं काडीवरून मांस ओढून खाल्लं की सुई बाद होते, हे सगळ्यांना ठाऊक. तुकिराननं तीन काड्या फस्त केल्या. "बघितलं? स्वतःचीच सुई गिळतोय, केवढी भूक!" असा वर निकाल लागला. तरी गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं आरशात हनुवटी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. न जाणो, थोडी चमकतेय की काय.

घरी शेवग्याचा पाला सुरू झाला होता. शेवग्यानं सुसुक गळून पडते म्हणे. सकाळी पाल्याची आमटी, दुपारी पाल्याची आमटी, रात्री उरलेली. अंघोळीच्या पाण्यातसुद्धा पाला.

"अगं, पाल्याच्या पाण्यानं मेलेल्या माणसाला धुतात."

"मग गप्प पडून राहा," वार्तिनी म्हणाली.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती पाला खुडता खुडता थांबली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळू बोलली. "माझ्या बापानं तुम्हाला नको म्हटलं होतं. कात्री-वस्तरावाला, म्हणाला. मी भांडले. जेवले नाही. आयुष्यात मी एकच गोष्ट माझ्या मनानं केली असं मला वाटायचं. आता कळलं, ते मन माझं नव्हतंच. तुमच्या सुईचं होतं."

तुकिराननं हातातली वाटी खाली ठेवली. हे कुठून कुठं पोचलं होतं! तो भडाभडा बोलायला लागला. सुई नाही, कधीच नव्हती, मला बंद जागेची भीती वाटते, लिफ्टची, गाळ्याची, न्हाणीघराची, म्हणून मी गातो.

"गाता ते म्हणून?"

"म्हणून."

"सुसुकवाले सगळे असंच 'सुई नाही' म्हणतात," ती म्हणाली आणि पाला खुडायला लागली.

मंगळवारी एक्स-रे निघाला. विदुरी तो उजेडापुढं धरून म्हणाली, "बू, स्वच्छ! सुई नाही!"

तुकिरान वार्तिनीकडं विजयानं वळला. वार्तिनीचे डोळे भरून आले होते. "गळाली," ती म्हणाली. "शेवग्यानं गळाली."

सुई कधी नव्हतीच हे दाखवायला त्याच्याकडं एकच गोष्ट उरली होती: ती भीती. आणि ती लपवण्यात त्याची सगळी हयात गेली होती. "ही आत येऊ दे," तो विदुरीला म्हणाला. "माझ्याजवळ. तिला दिसू दे."

आत धातू नको म्हणून वार्तिनीनं डोक्यावरच्या कापडाच्या टाचण्या एकेक करून काढल्या, कापडाची गाठ मारली आणि आत येऊन त्याच्या पायाशी उभी राहिली. विदुरीनं या वेळी आधीच त्याच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. "बघायचंच नाही हं, पाक. श्वास लांब सोडायचा. बू, तुम्ही पाय धरा."

फळी सरकली. यंत्र ठोकायला लागलं, तेही असं, की पत्र्याच्या छपरावर कुणी नारळ मोजून टाकतंय. तुकिरानचा श्वास घशात येऊन बसला. आता मेलो. फुग्यावर बोटं आवळली. तेवढ्यात पायाचा अंगठा कुणीतरी घट्ट धरला. तो अंगठा तुकिरानचा असून त्याच्या ताब्यात नव्हता. पिसं भिजलेल्या कोंबडीसारखा थडथडत होता. मनात त्यानं एका माणसाला खुर्चीत बसवलं. मानेपासून सुरुवात. कात्री, कंगवा. श्वास सोड. कानामागे वळव. श्वास सोड. ते डोकं संपलं तेव्हा मास्तरांना बसवलं, पण भुवईच्या जवळ जायची हिंमत झाली नाही. ठोकणं थांबेना. त्यानं निम्म्या क्लातेनची डोकी साफ केली, काहींची दोनदा.

फळी बाहेर आली. रुमाल उचलला गेला. घामानं उशी भिजलेली, ओठ पांढरे, आणि पाय अजून थडथडतोय.

वार्तिनीनं अंगठा सोडला नव्हता. ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती आणि तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"अहो, मांत्रिक माणसाला कुठं नेऊन सुई घालतात?"

"मला काय ठाऊक?"

"आतल्या खोलीत. दार लावून, दिवा मालवून. माझी आत्या गेली होती." ती आता हसतच होती. "तुम्ही तिथं उंबऱ्यावरच मेला असता!"

"तेच तर मी आठवडाभर..."

"म्हणजे सुई नव्हती."

"नव्हती."

"या तोंडात काहीच नव्हतं?"

"काहीसुद्धा नाही."

"आणि तरी मी बापाशी भांडले. जेवले नाही." वार्तिनी विदुरीकडं वळली. "पोरी, ते यंत्र चालूच ठेव. तपासायचं डोकं माझं आहे."