शेंगा फोडताना ऐकलेली कादंबरी

तुमच्या कादंबऱ्यांतली आवडती बाई कोणती, असं कुणी विचारलं की मी पहिल्या कादंबरीतल्या विधवेकडे बोट दाखवतो. ती सुचली कशी, हे मात्र टाळतो. आज सांगून टाकतो.

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे मी तापीकाठच्या एका गावात मास्तर होतो. दोन प्रकाशकांनी माझं हस्तलिखित साभार परत केलं होतं. तिसऱ्याने आधीची प्रकरणं वाचून शेवटचं मागवलं होतं. तिथूनही नकार आला तर लिहिणं कायमचं सोडायचं, असं मी ठरवून बसलो होतो.

मी राहत होतो त्या घरी उन्हाळ्यात बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बायका ओसरीवर बसत. घरमालकीण मोठी पक्की. दाणे तोंडात जाऊ नयेत म्हणून ती गोष्ट सांगायला लावी. एकीने सांगायची, दुसरीने हुंकार द्यायचा. हुंकार द्यायचा तर तोंड रिकामं हवं ना! त्या सुट्टीत तिने सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मग मी माझी कादंबरीच अहिराणीत सांगू लागलो, रोज दुपारी एक प्रकरण. हुंकाराला एक विधवा म्हातारी होती, शाळेची पायरीही न चढलेली. शेंग फुटायची की तिचं "हं" यायचं.

शेवटच्या प्रकरणात मी नायिकेला तापीच्या डोहाकडे नेलं. त्या काळी कादंबरीतल्या विधवेला दुसरीकडे जायची सोयच नव्हती. मी अगदी रंगात आलो होतो आणि हुंकार थांबला.

"काय वं माय, दाना टाका का तोंडमा?" मी चिडून विचारलं.

तिने आ करून दाखवला. तोंड रिकामं होतं.

"मास्तर, तिनी गाय गोठामा बांधेल शे ना? पहिले ती सोडी. मंग कोठे जावानं ते जाई."

माझं डोकंच फिरलं. ती गाय मी दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत बांधली होती आणि साफ विसरलो होतो. तणतणत खोलीत गेलो. गाय सोडवून पुन्हा डोहाकडेच न्यायचं आणि म्हातारीची जिरवायची, म्हणूनच नायिकेला डोहावरून मागे फिरवलं. तिने गोठ्यात येऊन दावं सोडलं. गाय हलेना. तहानलेली होती, तिचा हात चाटत उभी राहिली. नायिकेने बादली उचलली. त्यापुढे टाक तेवढा माझ्या हातात होता, ती आपल्या पायांनी चालत होती. असं माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. मी थक्क होऊन तिच्या मागे मागे लिहीत गेलो; डोहाकडे ती पुन्हा वळलीच नाही. पुढे तेच प्रकरण छापून आलं.

दुसऱ्या दुपारी मी ते सांगितलं. शेवटपर्यंत हुंकार आला. बायका पाणी प्यायला आत गेल्या, म्हातारी एकटीच बसून राहिली. अक्षरओळख नसलेल्या या बाईने माझ्या दोनशे पानांतली एक खोटी जागा नेमकी पकडली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"तुले कसं कळनं, माय?" मी विचारलं.

तिने पदरातली टरफलं झटकली.

"मन्ही बी गाय बांधेल व्हती, मास्तर."