पाहिलं, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि — खरं सांगू? — देवालासुद्धा नीट सांगितलेलं नाही. प्रार्थनेत मी "माझ्या उणिवांची क्षमा कर" एवढं म्हणते आणि पुढे सरकते. उणिवा! किती सोयीचा शब्द आहे.

मी नाशिक रोडला राहते. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या चर्चमध्ये रविवारी सगळ्या मंडळीच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करायची असते, ती वर्षानुवर्षं माझ्याकडेच होती. शनिवारी मी ती लिहून काढायचे, वाचून पाहायचे, जिभेला अडणारा शब्द बदलायचे. उपासना सुटली की लोक म्हणायचे, "बाई, काय सुंदर प्रार्थना केलीत!" मला त्याची सवय झाली होती. सवय कसली — मी त्याची वाट पाहायचे.

मग यमुनाबाई आल्या. पन्नाशीच्या, हरसूलकडच्या, आईबापांपासून ख्रिस्ती. पंचवटीत अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची सेवा करायला त्या राहिल्या होत्या. रविवारची सकाळ तेवढी मोकळी मिळायची, तेव्हा दोन रिक्षा बदलून आमच्याकडे यायच्या आणि शेवटच्या बाकावर बसायच्या.

एका रविवारी माझा घसा बसला होता. पाळकसाहेबांनी विचारलं, प्रार्थना कोण करील? यमुनाबाई उठल्या. "देवा, तू हाय ना? मग ऐक," म्हणाल्या आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, विसरल्या. मग एकेकाचं नाव घेऊन सावकाश बोलत गेल्या — कुणाचं दुखणं, कुणाची रुसून गेलेली सून, शेवटी माझा घसा. लोक मान खाली घालून डोळे पुसत होते.

ते मला कसं दिसलं? माझे डोळे उघडे होते.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. नजरच म्हणायला हवं. इतकं कुणी खरं असतं का? ते थांबणं मुद्दाम असणार. तो आवाज कापतो, तोही. भोळेपणाचं नाटक करून ही बाई मंडळीत जागा मिळवतेय — असं मी स्वतःला पटवलं. गाणं चालू असताना मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी खोटं सापडावं म्हणून मागे वळून बघायचे. सापडत नव्हतं. माझा संशय त्यामुळे वाढतच गेला.

पुढे पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरला यमुनाबाईंना प्रार्थना करू द्या. मी हसून "हो, अवश्य" म्हणाले.

त्याच आठवड्यात भाजीसाठी मी पंचवटीत गेले होते. एका देवळाच्या दारातून यमुनाबाई बाहेर आल्या. हातात परडी, परडीत फुलं आणि प्रसादाचा द्रोण. मला बघून त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, "आजींना उठवत नाय ना, बाई. त्यांचा हार पुजाऱ्याकडं देते, परसाद घेऊन जाते. तो खाल्ला की मगच त्या गोळी घेतात, नायतर तोंड उघडत नाय."

हे सगळं मी ऐकलं. समजलं. आवडलंसुद्धा — हे लिहायला आज जास्त जड जातंय.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे जाऊन मी सांगितलं, यमुनाबाई देवळात मूर्तीपुढे हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी तर आतही गेले नव्हते.

चर्चमागच्या खोलीत त्यांना बोलावलं. पाळकसाहेब होते, मंडळीचा कारभार पाहणारे दोन वडीलधारे होते, मी होते. यमुनाबाई म्हणाल्या, "हार नेला. हात नाय जोडले."

पाळकसाहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः पाहिलं ना?"

"पाहिलं," मी म्हणाले.

यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, "बाई सांगतात तर मी काय बोलू?"

तीन महिने त्यांना प्रभुभोजन घेता येणार नाही, असं ठरलं. तरी त्या यायच्या. सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायचे तेव्हा बाकावर एकट्या बसायच्या. ईस्टरची प्रार्थना मी केली. विषय होता अंतःकरणाची शुद्धता. लोकांनी फार वाखाणली.

ते तीन महिने सरण्याआधीच आजी वारल्या. गावी परतण्यापूर्वी यमुनाबाई माझ्या घरी आल्या. आता ही बाई जाब विचारणार! त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, जाताना तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

काय म्हणणार होते मी? हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. अगदी जवळून, हातभर अंतरावरून, मी तो चेहरा तपासत राहिले — मला लाजवायला आली असेल, कुठेतरी ओठ वाकडा होईल, एखादा टोमणा निसटेल. त्यांनी माझ्यासाठी शांत झोप मागितली. बाकी काही नाही. "आमेन" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत थोडा वेळ गप्प बसल्या.

तेवढा वेळ माझ्याकडे होता. पुरेसा होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणाले, "चहा टाकते."

त्यांनी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि हरसूलच्या गाडीला गेल्या. पाळकसाहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी प्रार्थना माझ्याकडेच आहे.