साडी-गार्ड लावलेली रेसची गाडी

मंठ्यात रफिकभाईंच्या गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाइकांपेक्षा चहाला बसणारे जास्त, त्यामुळं किस्से साचतच जातात. हल्ली सगळे एकाच पोरीचे असतात. आमची प्रज्ञा, मोटरसायकल रेसची नॅशनल चॅम्पियन. आमची म्हणजे आमचीच. तिची पहिली क्लच केबल माझ्या दुकानातली!

*

गाडी तिच्या वडलांची. ते गेल्यावर आईला शाळेवर सोडायचं काम प्रज्ञाकडं आलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो.

पहिल्या रेसला पोरीनं आईला न सांगता तीच गाडी नेली. रफिकभाईंनी इंजिन रात्रंदिवस खपून बांधलं होतं. तपासणीच्या साहेबांनी मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. साडी-गार्ड तसंच राहिलं होतं! रफिकभाई शांतपणे म्हणाले, "साब, मागं तिची आई बसती."

गार्ड काढलं. ते खांद्याला अडकवून रफिकभाई रेस संपेपर्यंत उभे होते. पोरगी तिसरी आली.

*

मॅडमना कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. "तू रेस खेळून राह्यलीस तोवर मी तुझ्या मागं बसणार न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून काळीपिवळी जीपनं शाळेला जायला लागल्या.

प्रज्ञानं ते गार्ड गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलं. येता-जाता त्याला हात लावायची. बघून आम्हालाच वाईट वाटायचं.

*

सरावाला माझ्या आष्टीच्या मामांनी कापूस निघालेलं रान दिलं. पहिल्या दिवशी बांधावर बसून तोंड वाकडं करत होते. चौथ्या दिवशी हाक मारून म्हणाले, "पोरी, त्या कोपऱ्यात बी दोन चकरा मार. ढेकळं बराबर फुटून राह्यली."

*

मोठ्या रेसला शेजारच्या टीमनं गाडीला लॅपटॉप जोडला होता. आमच्या रफिकभाईंनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, व्हॉल्व्ह वाजतोय. तिकडचे इंजिनियर गालात हसले.

दुपारी त्यातलाच एक हळूच आला. "चाचा, जरा आमची पण ऐकता का?"

*

एकदा प्रज्ञा रेसमधून खांद्याचं हाड मोडून आली. आईला सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. मॅडमनी भात कालवून घास भरवला, मंग कोपऱ्यातलं खरवडलेलं हेल्मेट उचलून विचारलं, "आंघोळीला हे घालून गेल्ती का?"

*

चॅम्पियन झाली तेव्हा गावात मिरवणूक निघाली. खुल्या जीपमधून पोरगी सारखी गर्दीत आईला शोधत होती. मॅडम आल्या नव्हत्या. माझा तर गुलाल लावायचाच मूड गेला.

सोमवारी सकाळी गॅरेज उघडतंय तोच मॅडम दारात. खांद्याला शाळेची पिशवी. खिळ्याकडं बघून म्हणाल्या, "रफिकभाई, ते गार्ड लावून द्या. जल्दी. शाळा भरायची वेळ झाली."

रफिकभाईंनी आठ वर्षं तिच्या रेसची इंजिनं उघडली, पण त्या दिवशी साधे दोन बोल्ट तीनदा आवळून बघितले. प्रज्ञानं मागची सीट पुसली. आई मागं बसली, पदर सावरला. पोरीनं गाडी इतकी जपून काढली, की शेजारून एक सायकलवाला पुढं निघून गेला.

माझ्या दुकानापुढच्या स्पीडब्रेकरवर मॅडमचा आवाज आला.

"एवढं हळू चालवल्यावर कप कोण देतं गं?"